ढिल्या तारांचे घराणे : हवाईच्या स्लॅक की गिटारीची कुळकथा

स्लॅक की म्हणजे गिटारीच्या काही तारा नेहमीच्या सुरांवरून खाली उतरवून ती बोटांनी छेडत वाजवण्याची हवाई बेटांवरची पद्धत. हवाईयन भाषेत तिला ‘की होआलू’ म्हणतात. तारा अशा जुळवलेल्या असतात की डाव्या हाताने काहीही न दाबता सहाही तारांवरून अंगठा फिरवला, तरी सुरेल स्वरमेळ उमटतो. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटे बारीक तारांवर चाल वाजवतात, आणि एकटा माणूस दोघांचे काम करतो. ही पद्धत कुणा एकाने शोधलेली नाही. गुराख्यांच्या हाती ती बेटांवर घडली, राजदरबारात तिला मान मिळाला आणि नंतर जवळजवळ शंभर वर्षे ती कुटुंबांनी आपल्यापुरती सांभाळली. या गुप्ततेपायी ती बुडायची वेळ आली, तेव्हा त्याच कुटुंबांनी तिची दारे उघडली.

गुरे आणि गुराखी

गिटार येण्यापूर्वीचे हवाईचे संगीत मुख्यतः पठणाचे आणि तालाचे होते. शार्कच्या कातड्याने मढवलेला ‘पाहू’ हा ढोल, भोपळ्याचा ‘इपू’ आणि नाकाने वाजवायची बासरी ही तिथली वाद्ये. तंतुवाद्य एकच होते : ओठांशी धरून छेडायचे धनुष्याच्या आकाराचे ‘उकेके’. १८२०मध्ये अमेरिकी मिशनरी आले आणि त्यांनी अनेक आवाजांत गायची प्रार्थनागीते शिकवली. ती हवाईयन लोकांनी चटकन आपलीशी केली. त्यामुळे स्वरमेळाची सवय त्यांच्या कानाला गिटारीच्या आधीच लागली होती.

गिटारीची वाट मात्र गुरांनी मोकळी केली. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हॅन्कुव्हर याने १७९३मध्ये कॅलिफोर्नियातून आणलेली गुरे राजा पहिला कामेहामेहा याला भेट दिली. ती वाढावीत म्हणून राजाने त्यांच्या हत्येवर बंदी घातली. बंदी पाळली गेली आणि गुरे बेसुमार वाढली. काही दशकांत रानटी झालेले हे कळप शेते तुडवू लागले, माणसांवर चाल करून येऊ लागले. त्यांना आवरायची कला बेटांवर कुणाला अवगत नव्हती. तेव्हा १८३२च्या सुमारास तिसऱ्या कामेहामेहाने कॅलिफोर्नियातून, म्हणजे त्या वेळच्या मेक्सिकोच्या मुलखातून, ‘व्हाकेरो’ म्हणजे घोडेस्वार गुराखी बोलावले. त्यांनी स्थानिक लोकांना घोड्यावर बसायला, फास टाकायला आणि कातडी कमवायला शिकवले. या शागिर्दांना पुढे ‘पानिओलो’ म्हणू लागले. हवाई या मोठ्या बेटावरील वाईमेआचा परिसर पानिओलोंचा मुलूख म्हणून आजही ओळखला जातो.

व्हाकेरोंच्या खोगिराबरोबर गिटारीही आल्या. काम संपवून बरेचसे व्हाकेरो परत गेले आणि काही गिटारी मागे राहिल्या, असे परंपरा सांगते. वाद्य हाती आले, पण ते लावण्याची स्पॅनिश रीत पुरती हाती आली नव्हती. पानिओलोंनी मग तारा आपल्या गळ्याला आणि आपल्या गाण्यांना जुळतील अशा लावून घेतल्या. स्लॅक कीच्या जन्माची सर्वांत प्रचलित हकिकत ती हीच.

राजदरबार आणि दोन भावंडे

मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे मागे पडलेल्या हुला नृत्याला राजा कालाकाउआ याने पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याची कारकीर्द १८७४ ते १८९१ अशी होती. १८८३चा त्याचा राज्याभिषेक आणि १८८६मध्ये त्याच्या पन्नाशीचा सोहळा या दोन्ही प्रसंगी हुला उघडपणे सादर झाला. जुन्या पाहू-इपूंबरोबर आता गिटार आणि उकुलेलेही साथीला बसू लागली. उकुलेलेचा पूर्वज ‘रावेन्सक्रॅग’ या जहाजातून मदेइरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांबरोबर १८७९मध्ये आला होता. राजाची बहीण आणि पुढची राणी लिलिउओकलानी ही स्वतः नामांकित गीतकार होती.

स्लॅक कीच्या ढिल्या तारांतूनच तिचे धाकटे भावंड जन्मले : स्टील गिटार. ओआहू बेटावरच्या लाईए गावच्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने १८८०च्या दशकाच्या अखेरीस तारांवर धातूची कांडी घसरवून वाजवण्याची पद्धत विकसित केली. भारतात जन्मलेला आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूला आणलेला गेब्रिएल डेव्हिअन याच्या नावानेही या शोधाचा दावा केला जातो. उघड्या तारांवर पूर्ण स्वरमेळ असल्याशिवाय कांडी घसरवून काही साधत नाही. म्हणजे स्टील गिटारीचा पाया स्लॅक कीनेच घालून दिला होता.

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचे वेड लागले आणि स्टील गिटार जगभर पसरली. ताउ मोए, त्यांची पत्नी रोझ आणि मुले यांनी आशिया-युरोपात अर्धशतकाहून अधिक काळ कार्यक्रम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मुक्काम कोलकात्यात होता. भारतात ‘हवाईयन गिटार’ रुजली त्यात या कुटुंबाचाही वाटा आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी तीच गिटार हिंदुस्थानी रागसंगीतासाठी वापरली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७चा अल्बम मराठी घरांतही भरपूर वाजला. थोरले भावंड या साऱ्या काळात घराच्या ओसरीवरच राहिले.

तारांचे गणित

प्रचलित जुळणीत गिटारीच्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागतात. पहिली, पाचवी आणि सहावी तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवली की डी, जी, डी, जी, बी, डी मिळतात. जी हा षड्ज धरला तर ही जुळणी प, सा, प, सा, ग, प अशी होते. हिचे नाव ‘टॅरो पॅच’, म्हणजे अळूचे खाचर. अळूच्या कंदाची ‘पोई’ हे हवाईचे मुख्य अन्न, आणि ही जुळणीही तितकीच घरोघरची.

याच जुळणीत तिसरी तार आणखी अर्धा स्वर उतरवली की षड्जाच्या जागी शुद्ध निषाद येतो. अशा निषादयुक्त जुळण्यांना ‘वाहिने’ म्हणजे स्त्री असे म्हणतात. वादक ती तार मोकळी छेडतो आणि आवाज विरण्यापूर्वी पहिल्या पडद्यावर बोट टेकवतो. निषाद षड्जात विसावतो आणि वाजवताना तार एकदाच छेडलेली असते. ही छोटीशी हरकत स्लॅक कीची सर्वांत ओळखीची खूण आहे. ‘मौना लोआ’ नावाच्या जुळण्यांत सर्वांत बारीक दोन तारांमध्ये पंचमाचे अंतर असते. त्यामुळे सुरांच्या गोड जोड्या त्या दोन तारांवरच सहज सरकवत नेता येतात. अशा जुळण्या डझनांनी आहेत, आणि एकच गाणे दुसऱ्या जुळणीत बसवले की त्याचा रंग पालटतो.

बाकीची सामग्री मोजकी आहे. दोन कडव्यांमध्ये ‘व्हॅम्प’ ही ठरलेली सुरावट येते; हुलाच्या साथीतून आलेली ही सुरावट नर्तकीला पुढच्या कडव्याची सूचना देते. तारेला नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वर आणि गायकाने मध्येच घेतलेला उंच, पातळ आवाज हीही याच शैलीची अंगे. रसिक चांगल्या वादनाला ‘नाहेनाहे’ म्हणतात, म्हणजे मऊ, गोड, कानाला न टोचणारे.

कुलूपबंद काळ

१८९३मध्ये राणीला पदच्युत केले गेले आणि १८९८मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. दरम्यान १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली होती. जमीन, सत्ता आणि भाषा हातची जात असताना जे उरले ते लोकांनी घट्ट धरून ठेवले. तारांची जुळणी ही ‘ओहाना’ची, म्हणजे विस्तारित कुटुंबाची, मालमत्ता मानली जाई. परका माणूस जवळ येताना दिसला की वादक पाठ फिरवी. गिटार खाली ठेवण्यापूर्वी तारा मुद्दाम बिघडवून ठेवी. शिकवणे म्हणजे ऐकवणे. मुलाने आजोबांच्या पायाशी बसायचे, बोटांकडे पाहायचे आणि प्रश्न विचारायचे नाहीत. अस्ताई सांगून अंतरा राखून ठेवणारे आपल्याकडचे जुने उस्ताद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. परिणामही तोच झाला. मुलांनी पाठ फिरवली की म्हाताऱ्या वादकाबरोबर त्याच्या जुळण्याही पुरल्या जात.

पाहिनुई, बीमर, काआपाना

हे कुलूप पहिल्यांदा ढिले केले ते गॅबी पाहिनुई यांनी. १९२१मध्ये जन्मलेले गॅबी होनोलुलूच्या काकाआको वस्तीत वाढले. १९४६मध्ये त्यांनी ‘हीइलावे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि ते स्लॅक कीचे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. पोटापाण्यासाठी ते होनोलुलूच्या रस्तेदुरुस्तीच्या कामावर होते. सुटीच्या दिवशी वाईमानालोतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात ‘कानिकापिला’ म्हणजे उत्स्फूर्त मैफल भरे. तिथे लेलंड ‘अट्टा’ आयझॅक्स आणि सनी चिलिंगवर्थ यांच्यासारखे वादक येत, आणि गॅबींची मुले फिलिप, ब्ला, सिरिल आणि मार्टिन कडेला बसून शिकत. १९७०च्या दशकातल्या गॅबींच्या अल्बमांत मुलेही वाजवू लागली. १९७५च्या अल्बमात कॅलिफोर्नियाचे गिटारवादक राय कूडर त्यांच्याबरोबर होते. याच कूडर यांनी पुढे विश्वमोहन भट्ट यांच्यासह ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केला आणि त्याला १९९४मध्ये ग्रॅमी मिळाले.

दुसरे कुटुंब बीमरांचे. गिटारवादक केओला बीमर यांची पणजी हेलन डेशा बीमर (१८८२–१९५२) ही गीतकार, तर आई नोना बीमर हुला आणि पठणाच्या नामवंत शिक्षिका. केओला यांनी १९७३मध्ये स्लॅक की शिकवणारे पहिले पुस्तक छापले. ज्या जुळण्या पाहुण्यापासून लपवायच्या, त्या आता पुस्तक विकत घेणाऱ्या कुणालाही मिळू लागल्या. काही जुन्या मंडळींना हे रुचले नाही, पण लिहून ठेवले नाही तर सारेच जाईल, हा युक्तिवाद अखेर टिकला. १९७०चे दशक हे हवाईयन भाषा, हुला आणि नौकानयनाच्या पुनरुज्जीवनाचे होते, आणि त्या लाटेने स्लॅक कीलाही वर आणले.

तिसरे कुटुंब कालापानाचे. ज्वालामुखीच्या पायथ्याचे हे गाव लेडवर्ड काआपाना (जन्म १९४८) यांच्या लहानपणी विजेवाचून होते. संध्याकाळची करमणूक म्हणजे घरातले गाणे. आई टीना आणि मामा फ्रेड पुनाहोआ यांच्याकडून ते शिकले. जुळा भाऊ नेडवर्ड आणि नात्यातले भाऊ डेनिस पवाओ यांच्यासह त्यांनी ‘हुई ओहाना’ हा संच काढला. १९९०मध्ये लाव्हा कालापानावर पसरला आणि गाव गाडले गेले. तिथली वाजवण्याची ढब मात्र तोवर ध्वनिमुद्रिकांतून आणि शिष्यांतून बाहेर पडली होती.

दौऱ्यावरचे घराणे

१९८२मध्ये मिल्टन लाउ यांनी स्लॅक कीचा वार्षिक महोत्सव सुरू केला. पियानोवादक जॉर्ज विन्स्टन यांच्या ‘डान्सिंग कॅट’ कंपनीने १९९४पासून जुन्या-नव्या वादकांचे अल्बम काढले. विन्स्टन यांनी वादकांना एकेकटे, साथीशिवाय वाजवायला लावले आणि प्रत्येक गाण्याची जुळणी अल्बमबरोबरच्या पुस्तिकेत छापली. त्यानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणि जपानमध्ये नियमित दौरे होऊ लागले.

या दौऱ्यांचा साचाही कुटुंबाचाच राहिला. दोन-तीन वादक खुर्च्या टाकून शेजारी बसतात आणि एकमेकांना पाळीपाळीने पुढे करतात. जुळणी बदलायला वेळ लागतो, म्हणून काही जण दोन-तीन गिटारी जवळ ठेवतात आणि काही तारा फिरवता फिरवता गोष्ट सांगतात : गाणे कुणी रचले, कोणत्या दरीचे, कुणाकडून मिळाले. केओला यांच्या कार्यक्रमात पत्नी मोआनालानी हुला करीत आणि तालवाद्ये वाजवीत. नोना बीमरही मुलांबरोबर रंगमंचावर येऊन पठण करीत आणि कथा सांगत. बीमर कुटुंबाने संगीत-शिबिरेही सुरू केली. तिथे गिटारीसोबत हुला आणि भाषाही शिकवली जाई.

२००५मध्ये ग्रॅमीत हवाईयन संगीतासाठी वेगळा विभाग आला आणि पहिलाच पुरस्कार स्लॅक कीच्या संकलनाला मिळाला. पुढेही बहुतेक पुरस्कार याच शैलीकडे गेले. त्यावरून बेटांवर नाराजी झाली, कारण गायनप्रधान आणि हवाईयन भाषेतले संगीत डावलले जात असल्याचे अनेकांचे मत होते. २०११मध्ये हा विभागच बंद झाला. अमेरिकेचा ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ हा लोककलांचा सर्वोच्च सन्मान रेमंड काने (१९८७), लेडवर्ड काआपाना (२०११) आणि सिरिल पाहिनुई (२०१७) यांना मिळाला. सिरिल २०१८मध्ये निवर्तले.

आज बहुतेक जुळण्या छापील स्वरूपात मिळतात. जगात कुठलाही गिटारवादक त्या लावू शकतो. कुटुंबाकडून घ्यावे लागते ते वेगळे : गीताचे शब्द आणि त्यातला दडलेला अर्थ, नर्तकीच्या पावलांबरोबर चाल सांभाळणे, आणि प्रत्येक गाण्यापूर्वी ते ज्याच्याकडून आले त्याचे नाव घेणे. स्लॅक कीचे वादक दौऱ्यावरही हा शेवटचा नियम पाळतात, आणि नवशिक्याला पहिल्याच धड्यात तो शिकवतात.