दहा पौंडांचा दंड आणि आतल्या खोलीतला कारकून

ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

आजची गोष्ट १९२३ सालच्या इंग्लंडमधली आहे. पण तिच्यापर्यंत मी पोचलो तो माझ्या मोबाईलवर आलेल्या एका मेसेजमुळे. ई-चलान, पाचशे रुपये, गुन्हा : हेल्मेट न घालणे. अडचण एवढीच की माझ्याकडे कार आहे, दुचाकी नाहीच. लिंक उघडून फोटो पाहिला, तर स्कूटर. नंबरप्लेटवर चिखल उडालेला आणि शेवटचा आकडा ३ आहे की ८, हे कळायला मार्ग नाही. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला चुकीचा राग आला नाही. असा घोळ मशीनकडून होतो, मी स्वतः असले बग सोडवलेत. ऑनलाइन तक्रार टाकली, आरसी जोडली, कारचा फोटो जोडला. काही दिवसांनी उत्तर आलं : तक्रार अमान्य. कारण? रकाना रिकामा.

बाबा म्हणाले, "अरे पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढतोस? भर आणि मोकळा हो." मी मात्र अडून बसलो. ज्या खात्यानं चलान काढलं, त्याच खात्यानं माझी तक्रार तपासली आणि का फेटाळली तेही सांगितलं नाही, हे मला खटकत होतं. वकील असलेल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू मॅकार्थीची केस वाच." वाचली. आणि मंडळी, काय केस आहे!

तर झालं असं. ऑगस्ट १९२३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ससेक्स परगणा. मॅकार्थी नावाचा एक मोटारसायकलवाला. त्याच्या आणि दुसऱ्या एका गाडीची टक्कर झाली आणि समोरच्या गाडीतलं जोडपं जखमी झालं. पोलिसांनी मॅकार्थीवर धोकादायक रीतीनं वाहन चालवल्याचा खटला भरला. तेव्हा इंग्लंडमध्ये १९०३ चा मोटार कायदा चालू होता. गाडीला नंबरप्लेट सक्तीची झाली ती याच कायद्यानं. वेगमर्यादा होती ताशी २० मैल. म्हणजे आपल्या गल्लीतली स्कूटरसुद्धा त्यात सापडली असती.

खटला चालला स्थानिक दंडाधिकाऱ्यांसमोर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे दंडाधिकारी म्हणजे गावातली प्रतिष्ठित मंडळी, कायदा शिकलेली असतीलच असं नाही. म्हणून त्यांच्या मदतीला कायदा जाणणारा एक कारकून असायचा. आपल्याकडे कारकून म्हटलं की फायली सांभाळणारा माणूस डोळ्यासमोर येतो. हा तसा नव्हता. हा बहुतेक वेळा शहरातला वकील असायचा, आणि कायद्याचा मुद्दा अडला की खंडपीठ त्यालाच विचारायचं.

त्या दिवशी नेहमीचा कारकून आला नव्हता. त्याच्या जागी त्याचा भाऊ बसला होता. सुनावणी झाली, दंडाधिकारी विचार करायला आतल्या खोलीत गेले आणि कायद्याचा प्रश्न निघाला तर असावा म्हणून हा बदली कारकूनही त्यांच्यासोबत गेला. बाहेर येऊन निकाल दिला : दोषी. दंड दहा पौंड, शिवाय खर्च. दहा पौंड म्हणजे तेव्हाच्या साध्या कामगाराचा काही आठवड्यांचा पगार.

आता खरी गंमत. हा बदली कारकून ज्या वकिली फर्मचा भागीदार होता, तीच फर्म जखमी जोडप्याच्या वतीनं मॅकार्थीकडे नुकसानभरपाई मागत होती! फौजदारी खटल्यात मॅकार्थी दोषी ठरला, तर भरपाईच्या दाव्यात फर्मचं पारडं जड होणार. आणि त्याच फर्मचा माणूस निकाल ठरताना बंद दाराआड हजर.

मॅकार्थीच्या वकिलानं हा मुद्दा उचलला आणि प्रकरण लंडनला किंग्ज बेंचपुढे गेलं. तिथे दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की आम्ही त्या कारकुनाला काहीही विचारलं नाही आणि त्यानंही स्वतःहून अवाक्षर काढलं नाही. लक्षात घ्या, हे कुणीही खोटं ठरवलं नाही. कोर्टानं ते खरंच मानलं. म्हणजे आतल्या खोलीत काहीच गैर घडलं नव्हतं.

तरीही नोव्हेंबर १९२३ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्युअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर : न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना लोकांना उघड उघड, शंकेला जागा न ठेवता दिसलाही पाहिजे. आज जगभरच्या कोर्टांत, आपल्याकडेसुद्धा, हे तत्त्व सांगितलं जातं. त्याचा उगम एका मोटारसायकलवाल्याच्या दहा पौंडांच्या दंडात आहे. कुठला राजा नाही, मंत्री नाही, मोठा घोटाळा नाही.

कोर्टानं आणखी एक गोष्ट तपासली. आपल्याला हरकत घेता येते हे मॅकार्थीला किंवा त्याच्या वकिलाला आधीच माहीत होतं का? माहीत असून ते गप्प बसले असते, तर निकाल वेगळा लागला असता. निकाल काय लागतो ते बघू, विरुद्ध गेला तर बोंब मारू, हे चालत नाही.

ह्युअर्ट हा माणूसही अजब. कापडदुकानदाराचा मुलगा, आधी पत्रकार, मग वकील, खासदार, ॲटर्नी जनरल आणि १९२२ पासून मुख्य न्यायाधीश. कायद्याचे बरेच अभ्यासक त्यांना इंग्लंडच्या सर्वांत वाईट मुख्य न्यायाधीशांत मोजतात, कारण ते स्वतःच एका बाजूला झुकून सुनावणी घ्यायचे असं म्हणतात. निष्पक्षतेचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य लिहिणारा माणूस! पण १९२९ मध्ये त्यांनी 'द न्यू डेस्पॉटिझम' नावाचं पुस्तक लिहिलं. सरकारी खाती स्वतःच नियम करतात, स्वतःच निवाडे देतात आणि कोर्टाला बाजूला ठेवतात, ही त्यातली मुख्य तक्रार. हे वाचताना मला माझा तो रिकामा रकाना आठवला.

आपल्याकडे हे तत्त्व कसं वापरलं गेलं त्याचं उदाहरण म्हणजे १९६९ चा क्रैपाक खटला. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर बसलेला एक वन अधिकारी स्वतःच उमेदवार होता! स्वतःचं नाव आलं तेव्हा तो उठून बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा बसून राहिला. सर्वोच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली. त्यानं खरंच पक्षपात केला का, हे सिद्ध करायची गरज नाही. तशी वाजवी शक्यता दिसली तरी पुरे, असं कोर्ट म्हणालं.

आता माझ्या चलानकडे. मैत्रिणीनं दोन गोष्टी नीट समजावल्या. एक, चलान ऑनलाइन भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. ती करायची की नाही, हे तुमच्या हातात असतं. तुम्ही भरलं नाही, तर बाजू मांडायला कोर्ट आहे. दुसरी, लोकअदालत. तिथे दंड कमी होतो म्हणून लोक रांगा लावतात, पण तिथेही होते ती तडजोडच. फोटोतली गाडी कुणाची, हे तिथे कुणी ठरवत नाही. आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे चूक तुमचीच असेल तर लोकअदालत उत्तम. चूक तुमची नसेल, तर जायच्या आधी विचार करा.

मी कोर्टात गेलो. पावणेतीन तास बाकावर बसलो आणि चार मिनिटांत काम झालं. मॅडमनी फोटो पाहिला, आरसी पाहिली आणि सरकारी वकिलांना विचारलं, "कारमध्ये हेल्मेट कुठे घालतात?" चलान रद्द. मला त्या विनोदापेक्षा एका वेगळ्या गोष्टीनं बरं वाटलं. जे काही झालं ते माझ्यासमोर झालं, कारणासकट.

पण बाकावर माझ्या शेजारी एक डिलिव्हरीवाला पोरगा होता. त्याचं चलानही चुकीचं होतं, असं तो म्हणाला. दीड तासानं तो उठला. म्हटलं, "थांब ना, नंबर येईल आता." तो म्हणाला, "दादा, दुपारच्या ऑर्डरी गेल्या तर दंडापेक्षा जास्त जातात." आणि दंड भरायला निघून गेला. मला अर्ध्या दिवसाची पगारी रजा होती. त्याला ती नव्हती.

मॅकार्थीकडे वकील होता, माझ्याकडे रजा होती. न्याय दिसला पाहिजे हे खरंच. पण तो दिसेपर्यंत बाकावर बसून राहणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून तो ऑनलाइन तक्रारीतला कारणाचा रकाना महत्त्वाचा आहे. तो रिकामा आला तर पुन्हा लिहा, कारण मागा, फोटो आणि उत्तरं जपून ठेवा. आणि खरंच हेल्मेट घातलं नसेल, तर गुपचूप दंड भरा आणि हेल्मेट घ्या.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा, मंडळी!