गुडघ्याचे सांधेरोपण : स्नायुबल आणि पूरक आहार

झिजलेला गुडघा काढून कृत्रिम सांधा बसवला की दुखणे कमी होते. मांडीतली ताकद मात्र त्याच सुमारास ओसरते. पायऱ्या चढणे, खुर्चीतून उठणे ज्याच्या जोरावर होते, त्या मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. स्नायू रोडावतो हे एक कारण. पण सुरुवातीला मोठा वाटा असतो तो मज्जातंतूंचा: सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला जाणारे संदेश स्नायूचे आकुंचन दाबून टाकतात. रुग्ण मनापासून जोर लावतो, तरी स्नायूला पूर्ण हुकूम पोचत नाही. हा अडथळा कोणत्याही पावडरीने दूर होत नाही, म्हणून पूरक आहाराकडून किती अपेक्षा ठेवायची ते इथेच ठरते.

सर्वांत आशादायक पुरावा आवश्यक अमिनो आम्लांचा आहे. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या हान्स ड्रायर यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ही आम्ले दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी २० ग्रॅम दिली. सुरुवात शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी झाली आणि पुढे दोन आठवडे ती चालू राहिली. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी मांडीचा हा स्नायू आम्ले घेणाऱ्या गटात सुमारे ३.४ टक्के घटला होता, तुलनेच्या गटात १४.३ टक्के. रुग्ण मात्र जेमतेम २८ होते. याच संशोधकांच्या २०१८ मधील चाचणीतही स्नायूची झीज कमी दिसली, पण ताकदीत आणि हालचालीत दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. स्नायू वाचणे आणि ताकद परतणे, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. व्यायामशाळांत लोकप्रिय असलेल्या क्रिएटिनचा सांधेरोपणानंतर ताकदीसाठी उपयोग दिसलेला नाही.

पावडरीच्या डब्याआधी ताटाकडे पाहावे. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर १.२ ते १.५ ग्रॅमची शिफारस केली जाते, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ७२ ते ९० ग्रॅम. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत ‘हलके’ म्हणून मऊ भात, पेज आणि वरणाचे पाणी दिले जाते. त्यात प्रथिने फारच थोडी असतात. माया असते, पण स्नायूची उपासमार होते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. घट्ट वरण, दही, उसळ, मासे यांचीही भर घालता येते. उतारवयात एकाच जेवणात सगळे न खाता प्रत्येक वेळी २५ ते ३० ग्रॅम घेणे चांगले. भूक मंदावली असेल तर व्हे प्रथिनाची पावडर खरी कामाला येते.

ताकद परत येते ती व्यायामाने. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत मांडी आवळणे, पाय ताठ ठेवून उचलणे आणि पुढे हळूहळू वजन वाढवणे हा क्रम फिजिओथेरपिस्ट ठरवतात.

मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. क्रिएटिन घेत असल्यास तेही सांगावे, कारण मूत्रपिंड धड असतानाही रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा त्याने वाढलेला दिसू शकतो.