चेतातंतूंचा ऱ्हास व पुनर्वाढ : एका वैद्यकीय निष्कर्षाचा इतिहास (१८५०–१९८८)

प्रस्तावना

हाताची तुटलेली चेता शस्त्रक्रियेने जोडल्यास काही महिन्यांनी बोटांत संवेदना परतू शकते. मज्जारज्जू पूर्णपणे तुटल्यास मात्र पाय बहुधा कायमचे लुळे राहतात. या भेदाचे कारण चेतापेशीत आहे की तिच्या परिसरात, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. त्याच्या उत्तराचा महत्त्वाचा पुरावा १९११ मध्येच मिळाला होता. तो मागे का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऱ्हासाचा शोध

इंग्रज वैद्य ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता छेदून निरीक्षणे नोंदविली. छेदापलीकडील तंतूंचे तुकडे होत गेले. पेशीशी जोडलेला भाग मात्र टिकला. तंतूचे पोषण पेशीकडून होते, असे त्यांनी अनुमान काढले. तंतूभोवतीच्या मेदयुक्त आवरणास ‘मायलिन’ हे नाव रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये दिले. ऱ्हासात हे आवरणही विघटित होते. परिघीय चेतेत श्वान पेशी व भक्षक पेशी त्याचे अवशेष काही आठवड्यांत बहुतांशी दूर करतात आणि नवा तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. मज्जारज्जूत हेच अवशेष दीर्घकाळ पडून राहतात.

काहाल व तेल्यो

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचा या विषयावरील ग्रंथ १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ मेंदूतील तंतुमार्ग पुन्हा वाढत नाहीत, हे त्यातील मत पुढे नियमासारखे प्रमाण मानले गेले. परंतु काहाल यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेल्यो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत परिघीय चेतेचे तुकडे रोपिले असता मेंदूतील तंतू त्यांत वाढताना दिसले होते. काहाल यांनी या प्रयोगाची दखल घेऊन अनुकूल परिसराचे महत्त्वही मांडले होते. उत्तरकाळाने निष्कर्ष तेवढा लक्षात ठेवला; त्याला जोडलेली अट विसरली.

पुनर्विचार

१९८१ मध्ये मॉन्ट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड व अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला परिघीय चेतेचा सेतू जोडला. मध्यवर्ती तंतू त्यात सुमारे ३० मिलिमीटर वाढले. पण मज्जारज्जूत पुन्हा शिरताच थोड्या अंतरावर थांबले. १९८८ मध्ये झ्युरिक येथे पिको कारोनी व मार्टिन श्वाब यांनी मध्यवर्ती मायलिनमध्येच वाढ रोखणारी प्रथिने दाखवून दिली.

निष्कर्ष

परिसर हेच एकमेव कारण नाही. प्रौढ चेतापेशीची स्वतःची वाढक्षमताही मर्यादित असते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा उपचार अद्यापही उपलब्ध नाही. तरीही असाध्यतेचा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत आला, तो दुर्लक्षित प्रयोगाकडे पुन्हा पाहिल्यामुळे. थोर संशोधकाचे मत त्याच्या पुराव्यासह वाचले पाहिजे, हा या इतिहासाचा बोध होय.