शिशाचा फुगा आणि बहिरा बिबट्या

तर मंडळी, आधी तीन कोडी. खाली डोकवायचं नाही.

एक, बहिरा बिबट्या. दोन, शिशाचं हवाई जहाज, पण स्पेलिंगमधलं एक अक्षर गहाळ. तीन, बेकारभत्त्याचा फॉर्म. तिन्हींची उत्तरं म्हणजे ब्रिटनमधल्या बँडची नावं आहेत आणि हे तिन्ही बँड १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत जन्मलेले आहेत.

ज्यांना आली त्यांनी कॉलर ताठ करावी. आयटीत हा खेळ जुना आहे. २००५ च्या सुमारास व्हर्जिन डिजिटलने एक चित्र काढलं होतं. रस्त्यावरचं साधं दृश्य, पण त्यात सत्तरहून जास्त बँडची नावं लपवलेली. कोणी भोपळे फोडतोय, म्हणजे 'स्मॅशिंग पम्पकिन्स', असा सगळा मामला. ते चित्र ईमेलने जगभर फिरलं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, पण चित्र अजून मेलेलं नाही, आमच्याकडेही शुक्रवारी कोणीतरी ते काढतंच. दोघं-तिघं पटापट उत्तरं देतात, बाकीचे समोसे खातात. आणि न बोलता एक निकाल लागतो, की कोण 'तसल्या' घरातून आलंय आणि कोण नाही. मला हे खटकायचं. कोडं म्हणजे डोकं चालवायची गोष्ट ना? मग त्यात घर कुठून आलं? म्हणून दोन वीकांत या नावांच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की कोडं घालणारा नवीन काही करतच नाही. नाव ठेवणाऱ्याने जी गाठ मारली, ती तो फक्त उलटी सोडवतो. कारण ही नावंच मुळात कोटी म्हणून जन्माला आली आहेत.

बीटल्सचंच घ्या. अमेरिकेत बडी हॉलीच्या बँडचं नाव होतं 'क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे. लिव्हरपूलची पोरं त्याच्यावर फिदा. १९६० मध्ये जॉन लेनन आणि स्टुअर्ट सटक्लिफ यांनी ठरवलं की आपणही किडेच व्हायचं. मग भुंगेऱ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा 'ई' काढून तिथे 'ए' टाकला आणि किड्याच्या पोटात 'बीट', म्हणजे ठेका, बसवला. हे एका झटक्यात झालं नाही बरं का. मध्ये 'सिल्व्हर बीटल्स' वगैरे बरेच रिलीज कँडिडेट होऊन गेले, ऑगस्ट १९६० मध्ये हँबुर्गला जाताना फायनल बिल्ड निघाली. गंमत बघा, हे नाव नुसतं ऐकलं तर फक्त किडा दिसतो. ठेका दिसायला ते लिहिलेलं बघावं लागतं. अर्धा विनोद कानात, अर्धा डोळ्यात.

लेड झेपेलिनचं प्रकरण याच्या नेमकं उलट. १९६८ मध्ये जिमी पेज 'यार्डबर्ड्स' मोडल्यावर नवा संच जमवत होता. 'द हू' या बँडमधल्या मंडळींनी थट्टा केली होती की असला बँड शिशाच्या फुग्यासारखा आपटेल. (नेमकी कोणी केली यावर ड्रमर कीथ मून आणि बासवाला जॉन एंटविसल या दोघांचाही दावा होता.) फुग्याचं झालं झेपेलिन. शिसं या अर्थाचा इंग्रजी शब्द एल-ई-ए-डी असा लिहितात, पण तसाच ठेवला तर लोक लीड गिटारमधलं 'लीड' वाचतील. म्हणून 'ए' उडवला. म्हणजे बीटल्सनी 'ए' घातला तो डोळ्यासाठी, यांनी काढला तो कानासाठी.

या कोटीची किंमतही मोजावी लागली. त्या हवाई जहाजाचे जनक काउंट झेपेलिन यांच्या वंशातल्या एफा फॉन झेपेलिन बाईंनी घराण्याच्या नावाला हरकत घेतली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कोपनहेगनला या जगज्जेत्या बँडला 'द नॉब्स' या नावाने वाजवावं लागलं. ब्रिटिश बोलीत नॉब म्हणजे बडं धेंड. कोटी मोडायला लावली तर उत्तरही कोटीनेच!

बहिरा बिबट्या म्हणजे डेफ लेपर्ड, शेफील्ड, १९७७. गायक जो एलियटला हे नाव शाळेत असतानाच सुचलं होतं, पुढे ड्रमरच्या सांगण्यावरून स्पेलिंग मुद्दाम बिघडवलं, कारण सरळ लिहिलं तर पंक बँड वाटेल. अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिलच्या लिनर्ड स्किनर्डने तर केस वाढवणाऱ्या पोरांच्या मागे लागणाऱ्या आपल्या पीटी सरांचंच नाव घेतलं आणि त्यातल्या स्वरांच्या जागी 'वाय' भरले. सरांवर याहून टिकाऊ सूड कोणी उगवला असेल असं वाटत नाही.

आणि यूबी४०. बर्मिंगहॅम, १९७८. पोरं बेकार, भत्त्यासाठी भरायच्या फॉर्मचा नंबर हेच नाव. १९९६ मध्ये तिथे भत्त्याची नवी योजना आली आणि तो फॉर्म इतिहासजमा झाला. आता तो आठवतो तो फक्त बँडमुळे.

आता मूळ मुद्दा. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात दुसरंच. ही सगळी नावं त्या फटीत राहतात. देवनागरीत ही फटच जवळपास नाही. मी वर 'लेड' लिहिलं, त्यात कुठला 'ए' गेला ते दिसलं का? 'बीटल्स' लिहिलं, त्यात किडा कुठला आणि ठेका कुठला? नाहीच दिसणार. आमच्यासारखे जे इंग्रजी पाठ करून, स्पेलिंग घोकून शिकले, त्यांनी 'लेपर्ड' हा शब्द ऐकण्याआधी लिहिलेला बघितला. एकाच उच्चाराच्या दोन शब्दांची टक्कर आमच्या कानात कधी झालीच नाही. बुद्धी कमी नव्हती आणि संगीताची समजही कमी नव्हती, शब्द आत आला तो वेगळ्या दारातून.

आपल्याकडे शब्दखेळ कमी होते असं नाही. आपल्याला स्पेलिंग नसल्यामुळे आपण शब्दच मधून तोडतो, शाळेत घोकलेला सभंग श्लेष तो हाच. मोरोपंतांनी (१७२९-१७९४) तर 'निरोष्ठ रामायण' लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य. रामायण, आणि त्यात 'राम' लिहायची सोय नाही! कीबोर्डची पाच बटणं काढून कोड लिहा म्हटलं तर आम्ही राजीनामा देऊ.

कोटी ज्या कानासाठी केलेली असते त्याच कानाला कळते. याचं देशी उदाहरण म्हणजे बंगळूरचा 'थर्मल अँड अ क्वार्टर'. सुरुवातीला बँडमध्ये तीन मल्याळी आणि एक पाव मल्याळी, म्हणून थ्री-मल-अँड-अ-क्वार्टर. हे लंडनच्या माणसाने सोडवून दाखवावं.

म्हणून आता मी आपल्या कानाची कोडी करतो. स्वीडनचे आजोबा, इंग्रजीत उलटे वाचले तरी आजोबाच. हे 'आबा', म्हणजे ॲबा. ॲग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि ॲनी-फ्रिड यांची आद्याक्षरं. त्याच नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी स्वीडनमध्ये आधीपासून होती, तिची परवानगी काढून हे नाव घेतलं होतं.

आणखी एक देतो. सकाळी दुकान उघडल्यावरची पहिली विक्री, तिच्यापुढे एक इंग्रजी अक्षर. जर्मनीत जमवलेला, कॅरिबियन मंडळींचा, सत्तरच्या दशकातला बँड. याचं उत्तर सांगणार नाही.