कोरड्या डोंगरातली नाथांची वाट

उजाड डोंगर तुडवायचा आणि माहीतगार माणसाच्या मागोमाग देवस्थान किंवा गुहा पाहायची, याला आज आपण एका दिवसाची सहल म्हणतो. पाथर्डीच्या गर्भगिरीत तो नाथपंथी यात्रेचा जुना क्रम आहे. वृद्धेश्वर, मढीची कानिफनाथांची समाधी आणि पलीकडे आष्टी तालुक्यातले मच्छिंद्रनाथांचे मायंबा ही ठाणी डोंगरवाटांनी जोडलेली आहेत. हा मुलूख पर्जन्यछायेतला. खडकावर मातीचा थर पातळ, उन्हाळ्यात गवतही टिकत नाही. विरागी साधकाने असा एकांत निवडावा यात नवल नाही. पाथर्डीच्याच जिल्ह्यातले टाकळी ढोकेश्वरचे शैव लेणेही अशाच कोरड्या डोंगरात कोरलेले आहे. पण मढीच्या समाधीभोवती दरवर्षी एवढा जनसमुदाय का जमतो, हे विरक्तीने उलगडत नाही. माझ्या मते या भूमीच्या कोरडेपणानेच मढीला भटक्यांची पंढरी केले.

यात्रेचा काळच पाहा. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ती चालते. तेव्हा रब्बीचे पीक निघालेले असते, शिवार मोकळे असते, हजारोंचा तळ आणि जनावरे सामावतील एवढी पडीक जागा असते. पाऊस मात्र दूर असतो, म्हणजे माती, विटा, दगड वाहण्याचे दिवस अजून हातात असतात. म्हणूनच रंगपंचमीच्या सुमारास इथे गाढवांचा बाजार भरतो. वडार, कुंभार, बेलदार, कैकाडी दात पाहून जनावराचे वय ठरवतात आणि सौदा करतात. काठेवाडी गाढवाला भाव अधिक. जेजुरीचा गाढवबाजार पौष पौर्णिमेला, मढीचा फाल्गुनात. म्हणजे देव वेगळे असले तरी दोन्ही बाजार कोरड्या हंगामातच येतात. आणि पाडव्याला नाथांना स्नान घालायला कावडी येतात त्या पैठणच्या गोदावरीचे पाणी घेऊन. ज्या गावाला पाणी खांद्यावरून आणावे लागते, तिथे पाणी हाच सर्वांत मोठा नैवेद्य.

यावर कोणी म्हणेल, लोक येतात ते श्रद्धेने, हंगामाचा हिशेब करून नव्हे. खरे आहे, नुसत्या बाजारासाठी रस्त्यावरचे कोणतेही गाव चालले असते. पण कानिफनाथांवर या समाजांचा हक्क श्रमातून आला आहे. मंदिराचे दगड वाहिल्याची परंपरा गोपाळ समाज सांगतो आणि मानाची होळी त्याचीच असते. वर्षभर पांगलेल्या जमातींच्या जातपंचायतीही इथेच बसत. सोयरिकी जुळत, तंटे मिटत. तशीच माणसे वाळीतही टाकली जात, आणि त्याचे ओझे बहुधा बायकांवर पडे. ही बाजू झाकून मढीचा गौरव करणे मला मान्य नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2016 मध्ये मंजूर केला. दुसरीकडे ट्रॅक्टर आणि टेम्पोने गाढवाचे काम काढून घेतले. पंचायतीचा धाक आणि बाजाराची गरज दोन्ही ओसरत असताना मानाची होळी मात्र गोपाळच पेटवतात.