न विकला गेलेला उजेड

जेम्स ख्रिस्टीने लंडनमध्ये पहिला लिलाव पुकारला तो १७६६ साली, जॉर्जियन काळात. त्याच वर्षी डर्बीच्या जोसेफ राईटने एक चित्र प्रदर्शनात मांडलं: ग्रहमालेची प्रतिकृती, सूर्याच्या जागी दिवा आणि भोवती उजळलेले चेहरे. बाकी सगळा काळोख! अर्ल फेरर्सने ते २१० पौंडांना घेतलं.

१७७१ मध्ये राईटने किमयागार रंगवला. परीस शोधणाऱ्या म्हाताऱ्यासमोर काचेच्या भांड्यात अचानक फॉस्फरस उजळतोय. (हा शोध हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने १६६९ मध्ये लावला, तोही चक्क मूत्र आटवून!)

पण हे चित्र कोणी घेईचना. राईट ते इटलीला घेऊन गेला, तसंच परत आणलं. १७९५ मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला. १७९७ मध्ये तो गेला आणि त्यानंतर चार वर्षांनी, १८०१ मध्ये, लिलावात चित्र विकलं गेलं. आता ते डर्बीच्या संग्रहालयात आहे.

मला त्या १७९५ चं भारी कौतुक वाटतं. आपण क्लायंटने नाकारलेला कोड महिन्याभरात विसरतो. हा माणूस २४ वर्षांनी, गिऱ्हाईक नसताना, त्याच चित्रापुढे उभा राहिला. किंमत लिलावात ठरते हो, पण काम पुरं झालं की नाही, हे करणाऱ्यालाच ठरवावं लागतं.