पाला खावा, मूळ राखावं



परवा ग्रुपवर कोळीच्या भाजीचे फोटो आले आणि मला माझी एक जुनी चूक आठवली. सिल्वासाच्या जुन्या कुटुंबांनी आठवणी लिहायच्या असं ठरलंच आहे, म्हणून लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नव्या पिढीसाठी आधी थोडा इतिहास. पोर्तुगीजांच्या 'सांताना' जहाजाचं मराठा आरमाराने नुकसान केलं, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली नगर हवेली त्यांच्याकडे गेली. दादरा १७८५ मध्ये. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि मग आपण भारतात विलीन झालो. हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. पण आपल्या जंगलातून काय काय बाहेर गेलं, तो इतिहास कुणी सांगत नाही. साग सगळ्यांना आठवतो. खैर फारसा नाही. कात गाभ्यातून निघतो, म्हणजे खैराचं झाड पाडावंच लागतं. कात काढणारे म्हणून काथोडी. आज जमातीचं नाव उरलंय, धंदा गेला.

कोळीची भाजी म्हणजे सफेद मुसळीचा पाला. घाटावरच्या फोडशीची ही बहीणच. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये हे नाव दिलं, ते आपल्या बोरिवलीवरून!

मी १९८८ साली बदली होऊन इथे आलो. पहिल्याच पावसात खानवेलच्या बाजूला वसुलीला गेलो होतो. बरोबर शाखेतले शिपाई, वारली समाजाचे. रस्त्याकडेला लुसलुशीत पाती दिसली, मी खाली वाकलो तर ते म्हणाले, "साहेब, अजून नाही. देवाला दाखवल्याशिवाय आम्ही तोडत नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने डाळ घालून भाजी केली होती. पाती वरूनच खुडलेली. मी विचारलं, मुळं का काढत नाही? त्या हसल्या. "मूळ काढलं तर पुढच्या साली काय खाऊ?"

दोन-चार वर्षांनी एक व्यापारी कॅश क्रेडिट मागायला आला. माल होता वाळवलेली सफेद मुसळी. मी गोडाऊन पाहिलं, पोती मोजली, मार्जिन ठेवलं, मंजुरी दिली. कागद चोख होते. पहिली तीन वर्षं खातं असं चाललं की वरिष्ठांनी कौतुक केलं. मग स्टॉक कमी दिसू लागला. व्यापारी म्हणाला, "इथे माल मिळत नाही साहेब, लांबून आणावा लागतो." पुढे त्याने सगळे पैसे फेडले, खातं नियमित बंद झालं. एक रुपयाही बुडाला नाही.

त्याच सुमारास शिपाई सहज बोलून गेले, "आता कोळीसाठी डोंगर चढावा लागतो, तरी टोपली भरत नाही." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

गणित असं आहे. मुसळी पहिल्या पावसात उगवते आणि पावसाळा सरला की पाती वाळून जातात. मूळ खरं तेव्हाच पक्व होतं, पण त्या वेळी जमिनीवर खूणच उरत नाही. म्हणून रानात ती भर पावसात खणली जाते, बी पडायच्या आत. मूळही गेलं, बीही गेलं. वर चार-पाच किलो ओल्या मुळांची जेमतेम एक किलो वाळलेली मुसळी होते. आपण नाही काढली तर दुसरा काढणार, ही धास्ती वेगळीच. खणणाऱ्यांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा रोख पैसा देणारा देवासारखाच वाटतो. आणि तो पैसा आला कुठून? माझ्या सहीने.

पाला हे व्याज होतं, मूळ हे मुद्दल. वारली बाईला हे कळत होतं. मी बी. कॉम., मला गोडाऊनमधली पोतीच तेवढी दिसली. जंगल कुठल्याच ताळेबंदात नव्हतं.

मूळ काढूच नये असंही नाही. बी पडू द्यावं, खुणेची काठी रोवून ठेवावी आणि नंतर खणताना देठाकडचा भाग एक-दोन मुळांसकट परत मातीत लावावा. रोप पुन्हा येतं. शेतातली लागवड हा दुसरा मार्ग. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती आणि कंदमुळं गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला. हक्क आणि राखण एकाच हातात असली तर रान टिकेल, असं मला वाटतं.

आपण गिऱ्हाईक मंडळींनी एवढं करावं: बाजारात कोळीची जुडी जरूर घ्या, भाव करू नका. पण मुळासकट उपटलेली असेल तर तसं सांगून परत ठेवा.

तुमच्या घरात कोळीच्या, शेवळाच्या जुन्या आठवणी असतील तर खाली लिहा. कोणत्या वाडीत, कोणत्या साली ती मिळायची, तेही लिहा. तेवढाच आपल्या जंगलाचा हिशेब कुठेतरी राहील.